वाजला काय?

"वाजला काय?" म्हणत भाऊंचा हात शर्टाच्या खिशावर जायचा. आम्ही म्हणायचो, "नाई वाजला, भाऊ." तरी ते फोन काढून पाहायचेच. मग तो परत खिशात जायला अर्धा तास. तुमच्याही गल्लीत असा एक जण असेल. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत ते होते, अगदी माझ्या शेजारच्या घरात.

माणूस दिलदार, पण एका जागी टिकत नसे. जेवता जेवता उठत, रस्त्यात मधेच गाडी थांबवत. झोप येत नाही म्हणून फोन पाहत आणि फोन पाहतात म्हणून झोप येत नसे. डोळे तांबारलेले, जरा कुणी बोललं की खेकसत. डॉक्टरांनी फोन कमी करायला सांगितलं, तर भाऊ फोनवरच त्याचे उपाय पाहत बसले.

त्यांची लेक शेजारच्या खोलीतून मेसेज टाकायची, 'बाबा, जेवाले या.' हाक त्यांना ऐकू जात नसे, मेसेज लगेच कळे. आम्ही हसायचो. ती हसत नाही, हे मला माझ्या बायकोनं दाखवलं.

मग लेकीला बंगळुरूला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी तिनं बापाकडे एवढंच मागितलं, "तुमच्या हातचे रोडगे खाऊ घाला. आन् एक दिवस फोन नाई." भाऊ कबूल झाले. रोडगे भाजावेत ते भाऊंनीच. आम्ही सगळे गावाबाहेर त्यांच्या वावरात गेलो. शेतातच गोवऱ्यांचे निखारे झाले, कणकेचे गोळे त्यात गेले, भाऊ काडी घेऊन उकिडवे बसले. आम्ही वांग्याच्या भाजीपाशी होतो. करपल्याचा वास आला म्हणून वळून पाहिलं, तर भाऊ लांब कडुनिंबाखाली उभे. बोट स्क्रीनवर फिरत होतं.

लेकीनं एक रोडगा फोडला. आतपर्यंत कोळसा.

"कोनाचा होता, बाबा?"

"कोनाचाच नाई. असाच पाहून रायलो होतो."

कुणाचा तरी असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिनं नुसती भाजी खाल्ली.

ती गेली. तिचे फोन आईला, आमच्या वहिनींना, येऊ लागले, भाऊंना नाही. "वाजला काय?" आता ते वहिनींना विचारत. मी म्हटलं, "तुमीच लावा ना." तर म्हणाले, "लावतो. पन पोरगी बोलन काय माह्यासंगं?" आणि अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मला पाहवत नसे.

वर्षभरानं त्यांची अकोल्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढत असताना वहिनींचा फोन वाजला. दोन शब्द बोलून त्यांनी तो भाऊंपुढे धरला. "घ्या. तुमालेच मागून रायली."

भाऊंनी दोन्ही हातांनी तो कानाशी धरला आणि पायरीवर बसले. "बोल माय. आयकून रायलो."

टेम्पोवाला घाई करत होता. तेवढ्यात भाऊंच्या खिशातला फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. भाऊंना नाही.