चिलटांचं काळीज आणि तिचा उपास

मी चौथीपर्यंतच शिकलो. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो तोवर चिलटांचं जेवण मीच शिजवलं. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं, तिथं संशोधन करणाऱ्या मॅडम बाटल्यांत पाळायच्या. त्यांना रवा आणि गूळ शिजवून घालायचा. गूळ मी चाखल्याशिवाय घेत नसे.

मॅडम चिलटं उपाशी ठेवायच्या. जी तगतील त्यांचीच पैदास पुढं वाढवायच्या. अशा कितीतरी पिढ्या झाल्यावर एक दणकट वाण तयार झाला. एकदा त्यांनी मला मायक्रोस्कोपखाली दाखवलं. चिलटाच्या पाठीत नळीसारखं काळीज असतं. तरण्याचं एका लयीत उडत होतं. म्हाताऱ्याचं मधेच थांबायचं, मग धडपडत परत सुरू व्हायचं. दणकट वाणाचं मात्र म्हातारपणीही सुरळीत.

मी त्यातनं एवढंच घेतलं, की उपाशी राहिलं की काळीज घट्ट होतं. खरं का खोटं, कुणाला विचारलं नाही. विचारायची मला सवयच नव्हती.

मी निवृत्त झालो आणि बायकोला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, काळीज कमजोर आहे, गोळ्या जेवल्यावर घ्या, यंदा नवरात्राचा उपास नको. ती दरसाल नऊ दिवस दूध-केळ्यावर राहायची.

घरी आल्यावर म्हणाली, "अवं, औंदा सोडू व्हय उपास?"

"सोड की. म्हातारी झाली म्हणतील."

"झालेच की. तुमी काय तरणं हाय?"

"उपाशी चिलटं जास्त जगत्यात. ह्या डोळ्यांनी बघितलंय. डॉक्टरला काय म्हाईत?"

"म्हंजे मी चिलट व्हय!" ती हसली, आणि घट बसवला. जेवण नाही म्हणून गोळ्याही डबीतच राहिल्या.

सातव्या माळेला दुपारी ती देवापुढं बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता जरा डोळा लागला की ते थांबणारं काळीज दिसतं. परत सुरू व्हायची वाट बघत मी उठून बसतो. छातीवर हात ठेवतो. माझं एका लयीत चाललेलं असतं. त्याची लाज वाटते.

वर्षानं मॅडमकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्या हळू बोलल्या, "मामा, उपाशी राहून कुणी दणकट झालं नाही हो. मुळात दणकट होती तेवढी उरली. बाकीची मेली, ती तुम्हीच बाटल्यांतनं झटकून टाकत होता."

मला ते आठवलं. बशीभर असायची.

"मग ती जेवली असती, गोळ्या घेतल्या असत्या, तर जगली असती का?"

"चिलटांत मी निम्मी जेवती ठेवते, मग ताडून बघते. माणूस एकच असतं, मामा. कसं सांगू?"

"जगली असती म्हणा की. मी ऐकून घेतो."

त्यांनी म्हटलं नाही. माझ्यासाठी चहा मागवला.