अनुमोदक: श्रीमती उगले

"रविवार, १४ सप्टेंबर २०२५. सकाळी ढगाळ, अकरानंतर ऊन. न्याहारीला उपमा. कपाटातल्या साड्यांना ऊन दाखवलं. नाथा सभेचं रजिस्टर घेऊन आला. सही केली नाही."

एवढं लिहून उज्वलाताई उगले पेन हातात धरून बसून राहिल्या. बासष्ट वर्षांच्या डायऱ्यांत असलं वाक्य पहिलंच होतं.

जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं, ही सवय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी नववीत लावलेली. रंगनाथ उगल्यांशी लग्न झालं, ते अंबडच्या कारखान्यात फोरमन झाले, पाथर्डी फाट्याजवळ बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीत घर झालं. मूल झालं नाही. सहा वर्षांपूर्वी रंगनाथ गेले. सगळं तारीखवार नोंदलेलं. त्यानंतर आपणहून दार वाजवणारी माणसं दोनच उरली, सोसायटीचे चेअरमन संतोष आणि त्यांची बायको निकिता. रंगनाथांना उचलून दवाखान्यात नेलं ते संतोषनीच, गॅस संपला की सिलिंडर बदलायलाही तेच यायचे. निकिता रोज पाच वाजता डोकावायची. "काकू, आहात ना?" "आहे गं." कधीकधी तेवढंच. पण पाचच्या आधी उज्वलाताई केस विंचरून बसायच्या.

सकाळी वॉचमन नाथा आला तेव्हा त्या गॅलरीत होत्या.

"आजी, एक सही टाका. चोवीस ऑगस्टच्या मिटिंगची."

"झाली का रे मिटिंग?"

नाथा हसला. "कागदावर झाली की! खाली तीन जण आलते, चहा पिऊन गेले. समद्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच राहिली हाय."

चष्मा नेमका डोळ्यांवर होता म्हणून त्यांनी वाचलं. 'विद्यमान कार्यकारिणी पुढील पाच वर्षांसाठी बिनविरोध. अनुमोदक: श्रीमती उज्वला उगले. टाळ्यांच्या गजरात मंजूर.'

त्यांनी डायरी काढली. चोवीस ऑगस्टला त्या घोटीला होत्या, नणंदेच्या दहाव्याला. मग मागच्या वर्षीची काढली. 'गुडघा दुखतो. सभेला गेले नाही. नाथाला सही दिली.' आदल्या वर्षी तेच. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. रजिस्टरात त्या हजर, डायरीत गैरहजर, आणि अक्षर दोन्हीकडे त्यांचंच.

"नाही रे नाथा. मी तिथं नव्हते."

"आवो, कोणीच नव्हतं!" नाथा म्हणाला. त्याच्या मते तिथंच प्रश्न मिटत होता.

अर्ध्या तासात संतोष वर आले. "काकू, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. मी घोटीला होते."

"पण विरोध आहे का तुमचा?"

"मुळीच नाही. उभे राहा, मत तुम्हालाच देईन."

"मग झालं तर! लिफ्ट कोणी आणली? पाण्यासाठी कोण धावतं? दुसरं तयार तरी कोण आहे? बत्तीस फ्लॅट आहेत हो काकू, देश आहे का हा?"

रंगनाथ पेपरातल्या परदेशच्या बातम्या मोठ्यानं वाचायचे. कुठं निवडणूक पुढं ढकलली की म्हणायचे, "बघ, आता रणगाडे येणार." बहुतेक वेळा रणगाडे आलेच नाहीत. लोक कामावर जात राहिले आणि दहा वर्षांनी खुर्चीत तोच माणूस होता. दुसऱ्या एखाद्या तितक्याच गरीब देशात मात्र हरलेला मुकाट्यानं घरी जायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहायचा. असं का, हे नवराबायकोला कधी उलगडलं नाही. आज त्यांना वाटलं, त्या पहिल्या देशात आधी कुणीतरी रजिस्टर घेऊन दारोदार फिरलं असेल. दारात चांगलीच माणसं असतील. कुणाचा विरोध नसेल, कुणाचा गुडघा दुखत असेल.

"देश नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुमच्या जागी कुणी भलताच आला, तर तोही हेच रजिस्टर पाठवील. तेव्हा मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"म्हणजे विश्वास नाही आमच्यावर."

"आहे हो, म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

"घेऊ परत सभा. सगळ्यांचा रविवार वाया." 'येतो' न म्हणताच संतोष जिना उतरले.

त्या संध्याकाळी निकिता आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जिन्यात तिचा आवाज ऐकू आला, "म्हातारपणी काय सुचेल, नेम नाही बाई." गुरुवारी उज्वलाताईंनी इंटरकॉम उचलला. रजिस्टरातली ओळ अजून रिकामी असणार, नाथाला हाक मारली की झालं. पलीकडून "बोला आजी" आलं. "काही नाही रे," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

अठ्ठावीस तारखेला पार्किंगमध्ये सभा भरली. चौदा जण आले. गणसंख्या भरेना, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबले. उज्वलाताईंच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. "आणखी कोणी उभं राहणार?" संतोषनी सवयीनं विचारलं आणि दुसऱ्या मजल्यावरची पूजा म्हणाली, "मी राहते." कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, पाण्याच्या टँकरला रात्री फोन करावा लागतो, माहितीये ना?" "मला येतो फोन करता," पूजा म्हणाली.

हात वर झाले. संतोष नऊ, पूजा पाच. उज्वलाताईंचा हात संतोषच्या नऊमध्ये होता.

पूजानं खुर्च्या आवरायला मदत केली. त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, मला वाटलं तुम्ही तरी माझ्या बाजूच्या."

"शब्द दिला होता गं त्यांना."

"असू दे. पुढच्या वेळी बघू," म्हणत ती पुढची खुर्ची उचलायला गेली.

संतोषनी रजिस्टर पुढं केलं. उज्वलाताईंनी आपल्या नावापुढं सही केली. चार वर्षांत ही पहिलीच खरी. संतोषनी सहीकडं न बघता पान उलटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पाच वाजले, सहा वाजले. दार वाजलं नाही. दिवेलागणीला त्यांनी डायरी उघडली.

"रविवार, २८ सप्टेंबर. सभा झाली. चौदा हजर, मी धरून. वरण शिजताना गॅस संपला. सिलिंडर बदलला. रेग्युलेटर दुसऱ्या खेपेला बसला."