हलायची न्हाय

पळसदेवच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर एक फ्लेक्स अजून लटकतोय. वर स्कॉलरशिपवाली पोरं, मधे चित्रकलेच्या ग्रेडवाली आणि खाली नाटकाची ढाल धरून आमच्या बाई. त्या फोटोत मी नाही. का नाही, ते सांगते.

सातवीत होते. नाटक आमच्याच गावाचं. धरणाचं पाणी येतंय, सगळे निघालेत आणि एक म्हातारी उंबऱ्यावर बसून राहते. ती म्हातारी मी. तिचं शेवटचं वाक्य होतं, 'मी इथून हलणार नाही.' मी म्हणायचे, 'म्या हितनं हलायची न्हाय.' आमच्या घरात असंच बोलतात, त्याला मी काय करू?

नाटक बसवणाऱ्या बाई पुण्याच्या. त्यांना ते 'न्हाय' दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. "नाही म्हण, नाही! तोंडात काय गोळा धरलायस?" तरी जमेना, तेव्हा त्यांनी वर्गालाच कामाला लावलं. मी चुकले की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "न्हायबाई आली!" पोरांना काय, फुकटचा तमाशा. शाळा सुटल्यावरही माझ्यामागनं पार स्टँडपर्यंत ओरडत यायची.

मी रडायचे आणि घोकायचे. म्हातारी मला सोडायची नव्हती. त्या शाळेत पहिल्यांदाच काहीतरी माझ्या वाट्याला आलं होतं.

एकदा आईनं विचारलं, "आणिक भाकर वाढू का न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

आई बघतच राहिली. "आगं बया, साहेबीण झालीस का काय!"

इंदापूरला तालुक्याच्या फेरीत मी एकदम स्वच्छ म्हणाले, 'मी इथून हलणार नाही.' आमचा दुसरा नंबर आला, पुढची फेरी बारामतीला. पण एक परीक्षक आमच्या बाईंना म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो, पण खेड्यातली म्हातारी पुस्तकातलं का बोलते? तुमच्याकडची बोली पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशी तालमीत बाई म्हणाल्या, "हं, आता म्हण तुझं ते न्हाय."

पोरं टपूनच बसलेली. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, 'नाही.' परत म्हटलं, परत 'नाही.' मुडदा बशिवला त्या शब्दाचा! जन्मापासनं तोंडात असलेला, आणि ऐन वेळी घशात अडकून बसला.

बाई एक दिवससुद्धा थांबल्या नाहीत. म्हातारी हेडसरांच्या मुलीला दिली. मला म्हणाल्या, "तू तिला तुमचं बोलणं शिकव. तेवढं तरी येईल ना?"

शिकवलं. तिच्या तोंडून 'न्हाई' निघायचं, ते मी घासून घासून 'न्हाय' केलं. आम्ही दोघीच असलो की माझ्या तोंडून मेलं ते बरोबर यायचं.

बारामतीत मी पडद्याची दोरी धरून विंगेत उभी. ती म्हणाली, 'म्या हितनं हलायची न्हाय,' आणि लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. ढाल शाळेला, अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला. बाई माइकवर म्हणाल्या, "ग्रामीण बोलीचा आम्ही खूप अभ्यास केला." अभ्यास! माझ्या अंगाची नुसती आग झाली.

फोटोला सगळे उभे राहिले. मी तशीच दोरीपाशी. बाई ढाल सावरत, हसत मला म्हणाल्या, "काय गं, फोटोत यायचं न्हाय व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता आलं की बरोबर!"