दादाच्या नावानं सोडलेला वळू

माझा थोरला भाऊ विशीत गेला. शहाद्याकडच्या आमच्या गावात रीत होती, जवान माणूस गेलं की त्याच्या नावानं गोऱ्हा सोडायचा. वडिलांनी घरचाच गोऱ्हा निवडला, मांडीवर त्रिशूळ डागला आणि अकराव्याला सोडून दिला. तो मोकळा हिंडेल तोवर दादाचा जीव मोकळा, ही आईची श्रद्धा. तो कुणाच्याही कपाशीत शिरो, त्याला कुणी काठी लावत नसे. गावच्या गायी त्याच्याकडूनच फळत. दारी आला की आई ताजी भाकरी त्याला द्यायची आणि शिळी मला. मी चिडायचे, खोटं कशाला सांगू.

पुढं चार वर्षांनी गायी गाभडायला लागल्या. दोन-तीन महिन्यांचा गाभ गळून जाई आणि गाय पुन्हा माजावर येई. कुणी सरकीला दोष दिला, कुणी पाण्याला. आणि आम्ही शहाणे काय करत होतो, तर गाभडलेली गाय लगेच परत त्याच वळूकडे नेत होतो. देवाला सोडलेला वळू, त्याच्यात खोट असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. हळूहळू गावात दूध दिसेनासं झालं. अंगावरचं दूध आटलेल्या बाया पोरांसाठी वाटीभर दूध मागत दारोदार फिरत.

शेवटी तालुक्याहून ढोरांचा डॉक्टर आला. आईनं भाकरी पुढं केली तेव्हा कुठं वळूनं त्याला हात लावू दिला. तपासून झाल्यावर तो चावडीवर म्हणाला, "डोळ्यांना न दिसणारा जंतू आहे. वळूला त्याचा काही त्रास नाही, पण हा ज्या गायीला लागेल तिला तो जंतू देतो. गायींना तीन-चार महिने वळूपासून लांब ठेवा, बहुतेक आपोआप बऱ्या होतील. मग कोवळा, एकाही गायीला न लागलेला गोऱ्हा आणा. हा मात्र कायमचा बांधून टाका."

सोडलेल्या वळूला दावं लावायचं पाप कोण घेणार? सगळे वडिलांकडे बघायला लागले आणि वडील जमिनीकडे.

"त्याले बांधं तर मन्हा पोऱ्या अडकी जाई," आई एवढंच बोलली.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फाडकन म्हणाले, दादा केव्हाच गेला, हा नुसता वळू आहे आणि तो गावातल्या पोरांच्या तोंडचं दूध तोडतोय. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

सकाळी ती भाकरी आणि दावं घेऊन निघाली. वडील मदतीला उठले तर म्हणाली, "मीच बांधसू." वळू तिच्या हातची भाकरी खात उभा राहिला आणि तिनं गळ्यात गाठ मारली.

पुढच्या वर्षी गोठ्यागोठ्यात वासरं झाली. बायांनी चीक आणून दिला. आईनं तो सगळ्यांना वाटला, स्वतः चाखला नाही. वडील म्हणाले, आता सोडू या. पण वळू बरा झाला असं डॉक्टर कधीच म्हणाला नाही, म्हणून तिनंच नको म्हटलं. रोज वैरण टाकताना ती त्याच्या मानेवरून हात फिरवत राही.

सहा वर्षांनी वळू गोठ्यातच मेला. माणसं उचलायला आली तेव्हा आईनं त्यांना दारातच थांबवलं. आत जाऊन तिनं त्याच्या गळ्यातली गाठ सोडली, म्हणाली, "जाय बापा आते," आणि दादा गेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली.