एका नाण्याखालची पाच भोकं

एक जानेवारीच्या सकाळी गल्लीत फटाक्यांच्या दारूचा वास रेंगाळत होता आणि मला वीस वर्षांपूर्वीची नेमबाजीची रेंज आठवली. शेजारच्या हेंकने शिकारीच्या रायफलीसाठी घरीच पाच-पाच काडतुसं भरली होती, प्रत्येक पाचांच्या गटात दारूचं माप थोडं वेगळं. दुसऱ्या गटाच्या पाच गोळ्यांची निशाण्याच्या कागदावरची सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.

“आता याच मापाने सगळी भर,” नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचा कॉम्प्युटर-चिपतज्ज्ञ, म्हणजे मी, निकाल देऊन मोकळा झालो.

“चिप्ससुद्धा तू पाचच तपासून पास करतोस?” हेंकने शांतपणे विचारलं. “माझ्यासमोर हरीण असणार. गोळी जरा सरकली, तर ते जखमी होऊन रानात तडफडत राहील.”

माझे कान तापले. त्याने तशीच काडतुसं आणखी तीन शनिवार झाडून पाहिली, मगच शिकारीला गेला.

हल्ली ऑफिसात नव्या पोरांना मी ठणकावून सांगतो, “पाचांवर भुलू नका.” अगदी माझंच वाक्य असल्याच्या थाटात.