तिसऱ्या खुर्चीतली मावशी

मावशीला आमच्या भागाच्या न्यायमंडळावर नेमलं आणि घरातली शांतता संपली. घरगुती वाद कोर्टात जाण्याआधी या मंडळापुढे येतात. तिघं जण बसतात: निवृत्त न्यायाधीश असलेले अध्यक्ष, एक वकील, आणि आता मावशी, जी जन्मभर रुग्णालयात नर्स होती.

नेमणूक तिची, पण भांडण तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, आणि त्यांच्या लेकीचं. काका म्हणायचे, तिला अनुभवामुळे घेतलं. जिने एवढी माणसं बरी होताना आणि मरताना पाहिली, तिला माणूस कळणारच. लेक म्हणायची, अनुभव कुणाला नसतो, आजवर त्या खुर्चीत एकही बाई बसली नव्हती म्हणून घेतलं, आणि तेच योग्य झालं. चहा गार व्हायचा, भाजी करपायची, पण दोघांपैकी कुणी मागे हटेल तर शपथ. मावशीला काय वाटतं हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मी त्यांच्याकडेच राहायचे, आणि दोघांची तोंडं शिवून टाकावीत असं मला रोज वाटायचं.

मावशीचा वैताग वेगळाच होता. अध्यक्ष सगळं वकिलालाच विचारत. तिचं मत हवं असलं तरी त्यालाच विचारत, "बाईंचं काय म्हणणं आहे?" घरी आली की ती भांडी आपटायची. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे का, म्हणायची.

मग म्हाताऱ्या शिंप्याचं प्रकरण आलं. मुलाचं म्हणणं, बापाला आता एकट्याने राहणं झेपत नाही, त्याला वृद्धाश्रमात हलवू द्या. शिंप्याला आपलं घर सोडायचं नव्हतं. हात थरथरतात ते दिसू नयेत म्हणून तो ते मांडीखाली दाबून बसला होता. त्या दिवशी मावशीसोबत गेलेली मी मागच्या बाकावर होते. मनात म्हटलं, चला, आता मावशीचा दिवस.

अध्यक्षांनीही पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मावशी सरसावली. रात्री झोप लागते का, जेवण जातं का, गोळ्या आठवणीने घेतात का, कधी पडलेत का. प्रश्न अगदी नेमके, आणि एकूण एक मुलाला विचारलेले. वॉर्डात तिने वर्षानुवर्षं हेच केलं होतं: पेशंट खाटेवर, नातेवाईक शेजारी उभे, विचारायचं नातेवाइकांना. मुलगा भराभर उत्तरं देत होता, वकील मान डोलावत होता. म्हाताऱ्याचं घर डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

शिंपी हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी इथेच बसलोय."

मावशीचा चेहरा उतरला. तिने आपली खुर्ची उचलली, त्याच्यासमोर नेऊन ठेवली आणि सगळं पहिल्यापासून त्याला विचारलं. गोळ्या विसरतो हे त्याने कबूल केलं. एकदा पडलाही होता. शेवटी ठरलं की तो घरीच राहील आणि मुलगा रोज सकाळी येऊन गोळ्या देईल.

घरी गेल्यावर मी सगळं सांगितलं, तर काकांची कळी खुलली. शेवटी अनुभवच कामाला आला म्हणाले.

"अनुभवानेच घात केला होता," मावशी म्हणाली.

आता लेकीला चेव आला. म्हणजे बाई होती म्हणूनच निभावलं.

"बाई म्हणून तरी कुठे आठवलं गं? मला रोज जे टोचतं, तेच मी त्याला केलं."

ताटं वाढून झाली. मग पहिला घास घेत काकांनी लेकीला विचारलं, "तुझ्या आईला नेमकं म्हणायचंय तरी काय?"

मावशी समोरच बसली होती.