फायरफिशला लावलेला जोड

जालन्यात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, आणि मी घरात समुद्र पाळलाय. आरओचं पाणी, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ, पंप, दिवे, जिवंत पोवळं. "माणसांना टँकर अन् माशांना आरओ," हे बायकोचं वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळतं. मी एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर ओल्या कागदावर बी उगवतंय का ते बघायचं. घरी आल्यावर निदान हलणारं काहीतरी बघावं, एवढीच माझी हौस.

पण जो मासा सगळ्यात हौसेने आणला तोच हलेना. फायरफिश. बोटभर लांब, पुढून दुधासारखा पांढरा, शेपटीकडे लालभडक होत गेलेला, पाठीवर केसासारखा उभा तुरा. दिसायला नवरदेव आणि स्वभावाने इतका भित्रा की स्वयंपाकघरात मिक्सर लागला तरी हा दगडाच्या फटीत. टाकीवर जाळी टाकावी लागते, कारण जास्तच घाबरला तर उडी मारून थेट फरशीवर येतो. मी रोज सकाळी काचेला नाक लावून बसायचो आणि तो फटीतून माझ्याकडे बघत राहायचा. दोघांचाही वेळ वाया.

त्याच सुमारास बाबांना गावाहून, धावड्याहून, आणलं. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच होते. त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून डॉक्टरचं निमित्त करून मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी आता इथेच राहावं असं मला वाटत होतं, आणि त्यांचं एकच पालुपद, "गावाला कधी सोडतो?" एरवी तोंडाला कुलूप. आईचा विषय तर ती गेल्यापासून त्यांनी एकदाही काढला नव्हता. काळा चष्मा लावून टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. माणूस असा बसल्या बसल्या आतून संपून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, अशी भीती.

मग मी उपाय सुरू केले. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रामसेवक राहतात. भोकरदन तालुक्यातलेच, बाबांच्याच वयाचे, बायको गेलेली, शेती मिरचीची, मिशासुद्धा तशाच. म्हटलं, यांचं मेतकूट जमणार नाही तर कोणाचं जमणार? संध्याकाळी दोघांना खालच्या बागेत एका बाकावर बसवून आलो. पहिल्या दिवशी शांतता होती. दुसऱ्या दिवशी मिरचीच्या रोपाला पाणी कधी द्यावं यावरून आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आले. त्यानंतर दोन बाकांवर दोन मिशा, एकमेकींकडे पाठ करून.

"त्याला बिलकुल काही कळत न्हाई," बाबा वर येऊन म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी ते आपण होऊन बोलले. "एकटं हाय म्हणून लपून राह्यलंय ते. जोड लाव त्याला."

मला कोण आनंद झाला! रविवारी त्यांना गाडीत घातलं आणि संभाजीनगरला माशांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे बाबांनी जे केलं ते दुकानदार जन्मात विसरायचा नाही. काळा चष्मा कपाळावर चढवून ते फायरफिशच्या टाकीसमोर उकिडवे बसले आणि बैलबाजारात बघावं तसे एकेक मासा बघायला लागले. हा लांबीला कमी. त्याचा तुरा बसका. हा चालताना उजवीकडे ओढतोय. "दात बघता येत न्हाईत, तेवढंच राह्यलं," ते म्हणाले. आमच्याकडे बैलाचा जोड लावायचा तर उंची, रंग, शिंगं, चाल, सगळं बरोबरीचं बघतात. एक लहान, एक मोठा असला तर औत वाकडं जातं.

दुकानदार पोरगेला पण सरळ माणूस होता. तो म्हणाला, "काका, हा लाजाळू असला तरी आपल्याच जातीचा दुसरा मासा ह्याला खपत नाही. मुळात जमलेली नर-मादी असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही ह्याच्यासोबत दुसऱ्या जातीचा गरीब मासा न्या."

"बराबरीचाच जोड टिकतो," बाबा म्हणाले, आणि मग आमच्या दोन खिलारी बैलांची कथा त्याला सुरुवातीपासून सांगितली. कुठून आणले, कसे एका सुरात पाणी प्यायचे. एवढं सलग बोलताना मी त्यांना आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. दुकानदार बरोबर बोलतोय हे मला कळत होतं. पण त्या क्षणी बाबांनी देवमासा निवडला असता तरी मी तो गाडीत घातला असता.

नवा मासा टाकीत सोडला. मिक्सरला घाबरणारा आमचा तो लाजाळू फटीतून असा सुटला की मी दचकलो. तुरा ताठ, तोंड उघडं. नव्याला त्याने कोपऱ्यात घेतलं, तिथून वर, तिथून पंपामागे. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याचा तुरा कुरतडलेला, शेपूट फाटलेली, आणि तो जाळीखाली पाण्याच्या अगदी वरच्या थराला थरथरत उभा होता. बायको म्हणाली, "बागेतली दोन बाकं आता घरात आली."

मला हसू आलं, बाबांना नाही. ते काचेजवळ उभे होते.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "बैलाच्या मानेवर जू असतंय. म्हणून जोड चालतो. ह्यांच्या मानेवर कुठं काय हाय? काढ त्याला जल्दी, मरंल ते."

नव्याला काढून त्याच दिवशी दुकानात पोचवलं. दुकानदाराने त्याला वेगळ्या टाकीत सोडलं आणि वाचेल म्हणाला. आमचा हिरो पुन्हा फटीत जाऊन बसला, आणि बाबा पुन्हा खुर्चीत. गावाला जायचा धोसरा आता दुप्पट वाढला. मीही वैतागून शनिवारी सोडतो म्हणून टाकलं.

शुक्रवारी मला सुट्टी होती. सकाळी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत आलो तर फायरफिश फटीबाहेर, चक्क टाकीच्या मधोमध, तुरा हलवत तरंगत होता. मी काचेकडे धावणार एवढ्यात बाबांनी हात आडवा केला.

"बस तिथंच. तू लई बघतो त्याच्याकडं. म्हणून येत न्हाई. मी असलो का रोज येतंय."

"तुम्ही काय करता मग?"

"काही न्हाई. बसतो. ह्या चष्म्यातून त्याला कळत न्हाई मी कुठं बघून राह्यलो ते."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पेपर उघडला. टाकीकडे बघायचं नाही म्हणून बातम्याच वाचायला लागलो. ऊस, कापसाचे भाव, कोणाचा तरी वाढदिवस. पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"तुही माय," बाबा म्हणाले.

माझी मान वळत होती, ती मी तशीच धरली.

"बाजाराला माह्यासंगं यायची, पण बराबरीनं कधी चालली न्हाई. चार पावलं मागंच. मी आपला जल्दी चल, जल्दी चल करून वरडायचो. वळून काही बघायचो न्हाई. मागं हायच म्हणून."

"मंग?" मी पेपरातूनच विचारलं.

"आता कुठं निघालो का मधीच थांबतो. मागं बघतो."

पेपरातली अक्षरं मला दिसेनाशी झाली. तो खाली घेतला असता तर माझे डोळे बघून ते गप्प बसले असते, म्हणून मी तो तसाच तोंडासमोर धरून ठेवला. बाबा बोलत राहिले. तिने बाजारातून काय काय आणलं, कशावरून भांडली, रुसली तर कशी परतीच्या वाटेवर नदी येईपर्यंत बोलायची नाही. बायकोने आतून जेवायला हाक मारली, आणि पहिल्यांदाच ते लगेच उठले नाहीत.